काकूंची कुरकुर

खिळ्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला ऐकू कमी येतं यात नवल काही नाही. ऐकू येत असतं तर नवल. एका बाजूने तारेचं वेटोळं आत जातं, मशीन तार धरतं, तोडतं, एका फटक्यात डोकं बसवतं आणि खिळा खाली पत्र्याच्या डब्यात पडतो. अशी चाळीस मशीनं एका छपराखाली. नवा आलेला माणूस पहिल्या दिवशी कानात बोटं घालतो, आठवड्याने कापूस घालतो आणि काही वर्षांनी काहीच घालत नाही, कारण तोवर आत राखण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

आपल्या गोष्टीतला माणूस तिथूनच निवृत्त झालेला. इमारतीत त्यांना सगळे खिळेवाले म्हणत आणि त्यांच्या बायकोला खिळेवाल्या काकू. कान गेल्याला बावीस वर्षं झाली होती. या बावीस वर्षांत नवरा-बायकोचा संसार चालला तो कारखान्यातल्या खुणांवर. त्या गोंगाटात कामगार हातांनीच बोलत. अंगठा बोटांवर चोळला की तेल संपलं. दोन बोटं खांद्याला लावली की साहेब येतोय. मूठ वळली की बंद कर. आणि तळहात आडवा धरून हवेत सावकाश फिरवला की ठीक, मशीन ठीक चाललंय. खिळेवाल्यांनी या वीस-पंचवीस खुणा घरी आणल्या आणि काकूंनी त्या आठ दिवसांत शिकून घेतल्या. तेल संपलं ती खूण वाण्याच्या सामानाला लागली, आणि साहेब येतोय ती जावयाला.

अडचण एवढीच, की कारखान्यात ज्याचं काम नाही त्याची खूण नाही. सुखी आहेस का, हे विचारायची खूण तिथे कशाला असेल?

तोंडाने विचारता आलं असतं. खिळेवाल्यांची जीभ शाबूत होती. पण स्वतःचा आवाज ऐकू न येणारा माणूस बोलतो तो ओरडूनच. त्यांनी मीठ मागितलं तर वरच्या मजल्यावर कळे. अशा आवाजात बायकोला असलं काही विचारायचं म्हणजे साऱ्या इमारतीला साक्षीला बोलावण्यासारखं होतं. त्यामुळे ते राहून गेलं. रोज जेवताना काकू भुवया उंचावून विचारायच्या, जेवण कसं झालंय? ते तळहात फिरवायचे, ठीक. मग ते भुवया उंचावायचे, तू? त्या तळहात फिरवायच्या, ठीक.

पण खिळेवाल्यांना डोळे होते. ओट्याशी उभ्या असलेल्या काकूंचे ओठ सकाळपासून हलत असत. कपाळाला आठी, हातात पातेलं, आणि ओठ चाललेले. ही बाई काहीतरी बोलतेय, आणि जे बोलतेय ते बरं नाही, एवढं बहिऱ्यालाही दिसत होतं. बहिऱ्या माणसाशी संसार करावा लागला, आयुष्य वाया गेलं, असंच ती म्हणत असणार, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. ते खिडकीत बसून रस्त्याकडे बघत आणि ही गोष्ट मनात घोळवत. बारा वर्षं कामधंदा नसलेल्या माणसाला घोळवायला वेळ पुष्कळ.

म्हणून लेकीने कानाचं मशीन घ्यायचा आग्रह धरला तेव्हा ते आधी नाही म्हणाले आणि मग एकदम हो म्हणाले. लेकीला वाटलं, बाबांना टीव्ही ऐकायचाय. बाबांना एकच गोष्ट ऐकायची होती, आणि तिचीच भीती वाटत होती.

कानाच्या दवाखान्यातल्या मॅडम म्हणजे लेकीपेक्षाही लहान मुलगी. तिने त्यांच्या दोन्ही कानांमागे शेंगदाण्याएवढी दोन मशीनं बसवली, कॉम्प्युटरवर काही खालीवर केलं, आणि कागदावर लिहून न देता सरळ तोंडाने विचारलं, "काका, येतंय का ऐकू?"

खिळेवाले दचकून मागे सरकले. खुर्ची करकरली, तेही ऐकू आलं.

"पहिले काही दिवस सगळं जग भांडतंय असं वाटेल," मॅडम म्हणाल्या. "पिशवीचा आवाज, भांड्यांचा आवाज, सगळं अंगावर येईल. घाबरू नका. महिनाभर वापरून बघा. नाहीच जमलं तर परत आणा."

घरी येताना बसचं इंजिन, पोरांच्या चपला, स्वतःच्याच शर्टाची सळसळ ऐकून ते घामाघूम झाले. जिना चढून दारात आले, तर आतून एक बाईचा आवाज येत होता. थोडा घोगरा, थोडा थकलेला. घरात कोण आलंय म्हणून त्यांनी वाकून बघितलं. कुणी नव्हतं. काकूच होत्या.

खिळेवाले दाराची चौकट धरून उभे राहिले. बावीस वर्षांत काकूंचा चेहरा रोज डोळ्यांसमोर थोडा थोडा म्हातारा झाला होता. आवाज मात्र त्यांच्या आठवणीत होता तिथेच थांबला होता, चाळिशीतला, खणखणीत. तो केव्हा असा झाला, ते त्यांना कळलंच नव्हतं. त्यांना रडू आलं.

"हे झाकण कुठल्या शहाण्याने केलंय कोण जाणे! बसेल तर शपथ," आवाज म्हणत होता.

मग काकूंचं लक्ष गेलं. त्यांनी हात पुसून कानाकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. आणि खिळेवाल्यांनी, कारण विचाराल तर त्यांनाही सांगता आलं नसतं, नाही अशी मान हलवली.

"नुसतं घुं घुं होतंय!" ते ओरडले. "शब्द कळत नाही! पोरीसाठी महिनाभर घालतो!"

काकूंनी तळहात फिरवला, ठीक. आणि वळून पुन्हा झाकणाच्या मागे लागल्या.

अशी चोरी सुरू झाली. खिळेवाले खिडकीत बसत, तोंड रस्त्याकडे आणि कान स्वयंपाकघराकडे. काकू सकाळी साडेपाचला उठत आणि डोळे उघडायच्या आधी त्यांचं तोंड उघडे. "अहो, ऐकलंत का, पाणी आलं बघा. आलं आणि गेलं. पाहुण्यासारखं तोंड दाखवून गेलं." "ही सुरी आहे की पट्टी? लोण्यावरसुद्धा चालायची नाही." "समोरच्या बाईंनी पायपुसणं परत माझ्या दाराकडे सरकवलं. सरकवा, सरकवा, उद्या पलंगही आणून टाका." मग गाडी नवऱ्यावर येई. "एक मोजा इथे, एक तिथे. यांचे पायसुद्धा वेगवेगळ्या गावी राहतात. आणि बसलेत बघा खिडकीत! उन्हाला घरात यायला वाट ठेवली नाही."

पहिल्या दिवशी खिळेवाल्यांनी तक्रारी बोटांवर मोजायला घेतल्या. दुपारच्या जेवणापर्यंत हातापायाची सगळी बोटं दोनदा संपली, तेव्हा सोडून दिलं. एकही चांगला शब्द नाही. दर तक्रारीआधी "अहो, ऐकलंत का", म्हणजे सगळ्याचा ठपका यांच्यावरच. त्यांना वाटत होतं त्याहून हे कितीतरी जास्त होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. खिळेवाले मूर्ख नव्हते. पण बावीस वर्षं खुणांवर जगलेल्या माणसाची बोलण्याची सवय मोडते. खूण कधी वाढवून सांगत नाही. तेल संपलं म्हणजे तेल संपलं. मूठ वळली म्हणजे बंद. माणसं तोंडाने बोलताना निम्मं उगाच बोलतात, जीव गेला म्हणतात आणि चहा पिऊन उठतात, हे ते पार विसरून गेले होते. शब्द कानावर आला की तो ते खुणेसारखा घेत, जसाच्या तसा.

म्हणून बाराव्या दिवशी जे झालं ते झालं. दूध उतू गेलं. ओटा, शेगडी, खालची फरशी, सगळीकडे दूध. काकूंनी फडकं आपटलं आणि म्हणाल्या, "या घरात म्हणून जिवाला सुख नाही!"

खिडकीत खिळेवाले खुर्चीतून उठून उभे राहिले. बावीस वर्षं जे ऐकायची भीती होती ते इतकं स्वच्छ, सरळ, एका वाक्यात कानावर आलं होतं. आता शंकेला जागा उरली नव्हती.

त्यांनी लेकीला मोबाईलवर लिहिलं, 'आईला घेऊन जा. चार महिने ठेव. तिला इथे सुख नाही. माझं मी बघेन.'

लेक हौशी. तिने सुखावरची पुस्तकं वाचली होती, आणि सुख म्हणजे दात घासण्यासारखी रोज लावून घ्यायची सवय आहे असं तिचं मत होतं. तिच्या घराला अंगण, अंगणात वेताची खुर्ची, शिवाय घरात नीट ऐकू येणारी माणसं. ती रविवारी येऊन हजर झाली. काकूंना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यांनी लेकीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"जा!" खिळेवाले ओरडले. "आराम कर! मजा कर!"

काकू आत गेल्या. मग त्यांनी बॅग भरली. चेन अडकली, तरी बोलल्या नाहीत. चपलेचा पट्टा तुटका होता, तरी बोलल्या नाहीत. खिळेवाले दारात कान टवकारून उभे होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काकू अर्धा तास गप्प होत्या, म्हणजे त्या आत्ताच सुखी झाल्या, असा त्यांनी हिशेब लावला. त्यांना बरं वाटलं. मग त्या जिना उतरून गेल्या आणि त्यांना अजिबात बरं वाटेना.

पुढचे दिवस वाईट गेले. मशीनं कानात होती आणि ऐकायला घड्याळ होतं. नळ गळत होता, त्याला कुणी बोलत नव्हतं. झाकण एका दणक्यात बसलं, तर त्याचंही कौतुक करायला कुणी नव्हतं. खिळेवाल्यांनी दोन्ही मोजे एका जागी ठेवले आणि खिडकीतून खुर्ची हलवली. ऊन आत आलं, फरशीवर बसलं आणि गेलं.

लेकीचे मेसेज मात्र आनंदाचे. 'आई एकदम खूश. एकदासुद्धा कुरकुर नाही!' सोबत फोटो, वेताच्या खुर्चीत काकू, हात मांडीवर, शाळेच्या ग्रुप फोटोत बसल्यासारख्या. लेकीने त्यांना एक वहीही आणून दिली होती. रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. 'आई रोज लिहिते, बाबा!'

महिना संपला तेव्हा खिळेवाले मशीनं डबीत घालून दवाखान्यात गेले.

"का हो काका? त्रास होतो?" मॅडमनी कागदावर लिहून विचारलं.

"नाही!" ते म्हणाले. "घरात ऐकण्यासारखं काही नाही!"

मॅडमनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग डबी उघडून मशीनं पुन्हा त्यांच्या कानांमागे बसवली. "फोनवर बोलून बघितलंत? नाही? एकदा बघा, मग खुशाल परत करा. फोन कानाच्या भोकाशी नाही धरायचा. इथे वर, मशीनपाशी."

त्यांनी लेकीला फोन लावला. लेकीला आपला बाप फोनवर बोलतोय याचा इतका आनंद झाला, की तिने आधी दोन मिनिटं नुसतं बाबा, बाबा केलं. मग म्हणाली, "थांबा, तुम्हाला आईची वही वाचून दाखवते. कालचं. एक, पंखा चालू आहे. दोन, जावई चांगले आहेत. तीन, हवा बरी आहे. परवाचं. एक, हवा बरी आहे. दोन, पंखा..."

खिळेवाले ऐकत होते. कारखान्यात तपासणीला साहेब आला की मुकादम अशाच आवाजात वाचून दाखवायचा, सर्व मशीन ठीक. त्यात एकही शब्द खोटा नसे. त्यांना एकदम काकूंची सुरी आठवली, लोण्यावर न चालणारी. त्या एका वाक्यात जेवढा जीव होता तेवढा या सगळ्या वहीत नव्हता.

"आईला दे," ते म्हणाले.

पलीकडे काकूंचा आवाज दूरून आला. "अगं, त्यांना काय ऐकू येणार? उगाच." मग जवळून, पाहुण्यांशी बोलावं तसा, "हॅलो. हो. इकडे सगळं ठीक आहे."

"मला ऐकू येतंय," खिळेवाले म्हणाले.

पलीकडे काकूंच्या बांगड्या वाजल्या.

"काय ऐकू येतंय?"

"सगळं. पहिल्या दिवसापासून."

"पहिल्या दिवसापासून म्हणजे?" काकूंचा आवाज चढू लागला. "मी झाकणाला बोलले ते?"

"ते पण."

"समोरच्या बाईंना बोलले ते? तुमच्या मोज्यांना? अहो, काय माणूस आहात तुम्ही! कान देऊन बसलात आणि तोंड शिवून? लाज नाही वाटली? आणि मग मला इकडे पाठवून दिलंत, का, तर बायकोची बडबड ऐकवेना!"

आवाज फोनमधून बाहेर सांडत होता. टेबलापलीकडच्या मॅडमनी फाइलमध्ये तोंड लपवलं होतं, पण खांदे हलत होते.

"तसं नाही गं. तू म्हणालीस, या घरात जिवाला सुख नाही."

"मी? कधी?"

"दूध उतू गेलं तेव्हा."

"मग दूध उतू गेल्यावर काय गाणं म्हणायचं?" काकू कडाडल्या, आणि मग एकदम त्यांचा आवाज कापला. "अहो, असं म्हणायलासुद्धा आपलं घर लागतं. इथे परवा जावयांच्या हातून चहा सांडला माझ्या अंगावर, तर मी हसून म्हटलं, असू द्या. दोन आठवडे नुसतं असू द्या, असू द्या. तोंड दुखायला लागलं हसून. तुम्हाला ऐकू येत नाही हे काय मला माहीत नव्हतं? तरी बावीस वर्षं तुमच्याशीच बोलत होते ना? दुसऱ्या कुणाला सांगितलं का कधी, की सुरी बोथट आहे?"

खिळेवाल्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. आता स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत होता, त्यामुळे तो किती खाली न्यायचा ते कळत होतं. त्यांनी तो मॅडमना ऐकू जाणार नाही इतका खाली नेला आणि विचारलं, "तू सुखी आहेस का गं?"

काकूंनीही आवाज खाली आणला.

"लेक समोर बसलीय," त्या म्हणाल्या. "उद्याच्या गाडीने न्यायला या."

खिळेवाले मशीनं कानातच ठेवून निघाले. डबी घ्यायला विसरले, ती मॅडमनी जिन्यापर्यंत आणून दिली.

तर काकू घरी आल्या. सगळं जागेवर येईल असं तुम्हाला वाटलं असेल, खिळेवाल्यांनाही वाटलं होतं. पण झालं भलतंच. ओट्याशी उभ्या राहिल्यावर काकूंना शब्द फुटेना. नळ उघडला, ओठ हलले, आणि त्यांनी चोरून मागे बघितलं. सुरी हातात घेतली, ठेवली. ऐकणारा माणूस घरात बसलाय म्हटल्यावर त्यांची जीभ लाजली होती. लेकीच्या घरासारख्या त्या आपल्याच स्वयंपाकघरात गुपचूप, नीटनेटक्या वावरत होत्या. खिळेवाल्यांना वाटू लागलं, एवढं करून आपणच ते बंद पाडलं की काय?

दोघं जेवायला बसले. काकूंनी सवयीने भुवया उंचावल्या, कसं झालंय?

खिळेवाल्यांचा तळहात सवयीने वर आला. तो त्यांनी खाली घेतला. घास गिळला. अशी गोष्ट त्यांनी आयुष्यात केली नव्हती.

"भाजीत मीठ कमी आहे," ते म्हणाले. हळू, पण स्पष्ट.

काकूंचा हात तसाच थांबला. "काय म्हणालात?"

"मीठ कमी आहे. आणि ही भाजी मला आवडत नाही. कधीच आवडली नाही."

"कधीच म्हणजे?"

"लग्नापासून."

काकू डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "अहो, दर आठवड्याला करते मी ही! तुम्हाला आवडते म्हणून करते! मला स्वतःला तर नावसुद्धा नको वाटतं हिचं! विचारलं की आपले ठीक, ठीक. मला वाटायचं, यांना माझ्या हाताची चवच लागत नाही. माझ्यासारखी बाई पदरी पडली, निभावून नेतायत बिचारे. एवढी वर्षं हे मनात घेऊन बसलेय मी, आणि तुम्ही..." त्यांना हसू येत होतं की रडू, ते त्यांनाच कळत नव्हतं. त्यांनी भाजीचं पातेलं उचललं आणि दूर ओट्यावर नेऊन आदळलं. झाकण खाली पडलं. "पड मेल्या, तूच राहिला होतास!"

मग त्या परत आल्या आणि नवऱ्याच्या शेजारी, अगदी कानाजवळ, बसल्या.

"अजून काय काय आवडत नाही?" त्या म्हणाल्या. "सांगा सगळं. काही राखून ठेवू नका."

खिळेवाल्यांनी जरा विचार केला आणि उशीपासून सुरुवात केली.